विद्यार्थिनी आनंदी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. शाळेत असताना जनरल नॉलेजच्या वहीत आपण सगळ्यांनीच लिहिलंय, भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण? आनंदीबाई जोशी. एक मार्क मिळाला, विषय संपला. २०१९ साली ‘आनंदी गोपाळ’ हा समीर विद्वांस यांचा सिनेमा आला तेव्हा बऱ्याच जणांना नावापलीकडची गोष्ट कळली. पण सिनेमा पाहून आल्यावरही हॉस्टेलवर चर्चा झाली ती बहुतेक गोपाळरावांचीच.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं आश्चर्य वाटतं. आनंदीबाई म्हटलं की डोळ्यांसमोर नऊवारी नेसलेल्या, पोक्त अशा कोणी बाई येतात. प्रत्यक्षात ती कॉलेजला गेली तेव्हा अठरा वर्षांची होती आणि एम.डी. झाली तेव्हा अजून एकवीस पूर्ण व्हायचे होते. म्हणजे आपल्या एस.ई., टी.ई.च्या वर्गातली मुलगी! आणि बाविसावा वाढदिवस यायच्या आतच ती गेली. तिचं मोठेपणीचं आयुष्य म्हणजे जवळजवळ सगळं विद्यार्थीदशेतलंच आयुष्य. म्हणूनच या लेखात मी तिला ‘ती’ म्हणते आहे. आदर कमी आहे म्हणून नव्हे, वयाने ती आपल्यातलीच आहे म्हणून.

३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात, आजोळी तिचा जन्म झाला. नाव ठेवलं यमुना. वडील गणपतराव जोशी कल्याणचे, एकेकाळचं जमीनदार घराणं, पण पूर्वीचं वैभव ओसरत चाललेलं. लहानपण कल्याणच्या वाड्यातच गेलं. नवव्या वर्षी, १८७४ साली तिचं लग्न लागलं. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून. ते बिजवर होते आणि वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. लग्नात त्यांनी हुंड्याऐवजी एक अजबच अट घातली, मुलीला शिकवू द्यायचं. सासरचं नाव ठेवलं आनंदी.

इथपर्यंतची गोष्ट आपण फार कौतुकाने सांगतो. बायकोला शिकवणारा, काळाच्या पुढचा नवरा! ते खोटं नाही. गोपाळरावांनी हट्ट धरला नसता तर आनंदी कल्याणच्या माजघरातच राहिली असती. पण त्या शिकवण्याची दुसरी बाजूही आहे. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली की त्यांचा पारा चढायचा. दहा वर्षांच्या मुलीला त्यांनी लाकडाने मारलं आहे, पुढे पुस्तकं आणि खुर्ची अंगावर फेकली आहे, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्या आहेत. हे कोणा शत्रूने सांगितलेलं नाही. तिने स्वतःच पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात हे सगळं नमूद केलंय. त्याच पत्रात त्यांचे उपकारही ती नाकारत नाही. इतर घरांत बाई शिकते म्हणून मार खायची, आनंदीने ती शिकत नाही म्हणून खाल्ला. मार तो मारच! दोन्ही ठिकाणी तिला काय हवंय हे कोणी विचारलं नव्हतं.

मग तिला स्वतःला शिकावंसं कधी वाटलं? त्याचं उत्तर एका दुःखद घटनेत आहे. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर मूल वाचलं असतं असं तिला वाटत राहिलं. त्या काळी पुरुष डॉक्टरसमोर जायला बायका तयार नसत, घरची माणसंही पाठवत नसत. बाळंतीण अडली तर सुईण जे करेल ते, पुढे नशीब. डॉक्टर व्हायचं हे तिच्या मनाने इथे घेतलं. यापुढचा अभ्यास गोपाळरावांच्या धाकाचा नाही, तिचा स्वतःचा आहे, असं मला वाटतं.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छमधलं भूज, कलकत्ता, श्रीरामपूर (बंगालमधलं, आपल्या नगरचं नाही!). मुंबईत ती मिशनऱ्यांच्या शाळेत जायची. हातात पुस्तकं घेऊन रस्त्याने चालणारी ब्राह्मणाची बायको बघायला लोक खिडकीत उभे राहत. आम्ही कॉन्व्हेंटमध्ये शिकलो तेव्हा आईवडिलांनी डोनेशन भरून, रांगा लावून घातलं. तिच्या काळी तीच शाळा म्हणजे धर्म बुडाल्याची खूण होती.

कोल्हापूरला असतानाच गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला होता, बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून. उत्तर आलं की ख्रिस्ती व्हा, मग बघू. ते त्यांनी मानलं नाही. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला एक जुना अंक त्यांनी चाळला आणि ही पत्रं त्यांच्या वाचनात आली. त्यांनी आनंदीला पत्र लिहिलं. पुढे तीन वर्षं पत्रं चालू राहिली. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, तरी आनंदीने त्यांना मावशी मानलं होतं. दाताच्या दवाखान्यातल्या एका रद्दी मासिकामुळे एखाद्याचं करिअर घडावं हे आपल्याला खरं वाटणार नाही, पण घडलंय तसंच.

आता कोणी विचारेल, भारतात सोय नव्हती का? अगदीच नव्हती असं नाही. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच चार स्त्रियांना प्रवेश दिला होता. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज मुलींना खुलं झालं ते १८८३ साली, म्हणजे आनंदी निघाली त्याच वर्षी. फिलाडेल्फियात मात्र खास स्त्रियांसाठीच मेडिकल कॉलेज होतं, १८५० पासून. क्वेकर पंथाच्या लोकांनी ते काढायला मदत केली होती. तिथेही सगळं सुखाचं नव्हतं. १८६९ मध्ये या कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हानिया हॉस्पिटलमध्ये लेक्चरला गेल्या तेव्हा मुलांच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून त्यांना हुसकावायचा प्रयत्न केला होता. म्हणजे रॅगिंगचा प्रकार काही आजचा नाही आणि फक्त आपल्याकडचाही नाही.

समुद्र ओलांडून एकटी बाई जाणार म्हटल्यावर बंगालमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांतही गदारोळ उठला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीतून जाहीर भाषण केलं. लोक जे जे प्रश्न विचारत होते तेच घेऊन एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का जातेस? इथे शिकता येणार नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? परदेशात काही बरंवाईट झालं तर? आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करतेस? उत्तरं शांत होती. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे तिने ठामपणे सांगितलं. वय वर्षं सतरा! आपल्याला सेमिनारला पाच मिनिटं पी.पी.टी. दाखवायची म्हटली तरी घाम फुटतो.

७ एप्रिल १८८३ रोजी ती कलकत्त्याहून बोटीने निघाली. बरोबर नवरा नाही, माहेरचं कोणी नाही, फक्त मिशनरी बायकांची सोबत. बोटीवर शाकाहारी माणसाच्या खाण्याचे हाल काय झाले असतील ते मेसची भाजी न आवडणाऱ्यांनी समजून घ्यावं. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास. बंदरावर कार्पेंटरमावशी घ्यायला आल्या होत्या. तो उन्हाळा रोझेलच्या त्यांच्या घरी आनंदात गेला.

प्रवेशासाठी तिने कॉलेजला स्वतः अर्ज लिहिला. आपलं शिक्षण त्यांच्या नियमात कदाचित बसणार नाही हे त्यात लपवलं नाही. पण आपल्या देशातल्या बायकांना डॉक्टरची किती गरज आहे आणि त्यासाठी आपण इतक्या लांबून आलो आहोत हेही मांडलं. मराठी, संस्कृत, बंगाली, गुजराती, इंग्रजी अशा भाषा तिला येत होत्या. आपण परदेशी युनिव्हर्सिटीसाठी जे एस.ओ.पी. लिहितो ते नेटवरून कॉपी-पेस्ट केलेलं असतं. तिने लिहिलं ते मनापासून असावं, कारण डीन रेचल बॉडली बाईंनी ते वाचून तिला प्रवेश तर दिलाच, शिष्यवृत्तीचीही व्यवस्था केली.

१८८३ च्या शरद ऋतूत कॉलेज सुरू झालं आणि खरी परीक्षाही तेव्हाच सुरू झाली. हा भाग आपण हॉस्टेलवाल्यांनी जरा सावकाश वाचावा.

तिला राहायला जी खोली मिळाली तिथली शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, नाही पेटवली तर फिलाडेल्फियाची थंडी. म्हणजे रोज रात्री निवड करायची, खोकायचं की कुडकुडायचं. पायात धड गरम कपडे नाहीत, अंगावर साडी. नऊवारीत पाय उघडे राहतात म्हणून तिने पुढे साडी नेसायची पद्धत बदलली, गुजराती धर्तीवर नेसू लागली. मांसाहार करणार नाही हा शब्द दिलेला, त्यामुळे स्वतःचं स्वतः शिजवायचं. दिवसभर लेक्चर्स आणि प्रॅक्टिकल्स, रसायनशास्त्र, शरीररचना, औषधीशास्त्र, डिसेक्शन, संध्याकाळी खोलीवर येऊन चूल आणि मग रात्री अभ्यास. बऱ्याचदा जेवणाचं काय झालं असेल ते सांगायला नको. सबमिशनच्या आठवड्यात आपणही दोन बिस्किटं आणि चहावर काढतोच की! फरक इतकाच की आपला तो आठवडा असतो, तिची तीन वर्षं होती.

मधे तिला घटसर्प झाला. आज ज्याची लस बाळाला दिली जाते तो हा आजार, तेव्हा जीवघेणा होता. त्यावरचं औषध यायला अजून दहाएक वर्षं होती. डीन बॉडली बाईंनी तिची काळजी घेतली, म्हणून ती उठली. पण तब्येत पहिल्यासारखी राहिली नाही. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा हे पाठी लागलेलंच.

घरून पत्रं यायची. जायला-यायला मिळून दोन-तीन महिने सहज लागायचे. आज आपण व्हिडिओ कॉलवर आईला जेवणाचं ताट दाखवतो. तिला दुखलंखुपलं ते सांगायचं तर उत्तर येईपर्यंत ऋतू बदललेला. त्यात गोपाळरावांची सगळीच पत्रं काही धीर देणारी नसत. बायको आपल्या हाताबाहेर तर चालली नाही ना अशी शंका त्यांना येई, कपड्यांवरून, वागण्यावरून टोचून लिहीत. ज्याने शिकायला ढकललं त्यालाच शिकलेल्या बायकोची धास्ती वाटू लागली होती. आनंदी प्रत्येक पत्राला सविस्तर उत्तर द्यायची. परीक्षेच्या अभ्यासाबरोबर हा एक पेपर तिला वर्षभर सोडवायला होता.

पण कॉलेजचे दिवस म्हणजे निव्वळ हालच होते असं समजू नका. वर्गात ती लाडकी होती. १० ऑक्टोबर १८८५ चा तिथला एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदी साडीत, शेजारी जपानची केई ओकामी किमोनोत आणि सीरियाची सबात इस्लामबुली तिच्या देशाच्या पोशाखात. तिघी तीन टोकांच्या देशांतून आलेल्या, एकमेकींची भाषा न समजणाऱ्या आणि एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी. ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लामबुली १८९० मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. आपापल्या देशाकडून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिघींची गणना होते. कुठल्याही कॉलेजच्या ग्रुप फोटोसारखाच तो फोटो, फक्त त्यात तीन देशांचा इतिहास उभा आहे.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा असे. आनंदीने विषय घेतला आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. संस्कृत ग्रंथांतलं जुनं ज्ञान आणि अमेरिकेत शिकलेलं नवं शास्त्र, दोन्ही तिने त्यात वापरलं. हा विषय तिने उगाच निवडला नव्हता. चौदाव्या वर्षी गेलेलं मूल, अडलेल्या बाळंतिणी, सुईणींचे अघोरी उपाय हे सगळं त्याच्यामागे होतं. प्रोजेक्टचा विषय सीनियरकडून ढापायची आपली परंपरा बघता, जो प्रश्न आपल्याला स्वतःला भिडलाय तोच प्रोजेक्टला घेणं किती वेगळं असतं हे इथे कळतं.

११ मार्च १८८६. पदवीदान समारंभ. गोपाळराव आदल्या वर्षीच अमेरिकेत येऊन पोहोचले होते. इंग्लंडहून पंडिता रमाबाई खास या समारंभासाठी आल्या, त्या आनंदीच्या दूरच्या नात्यातल्याही होत्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. डीन बाईंनी ही बातमी व्हिक्टोरिया राणीलाही कळवली आणि तिच्याकडून पोच आली. त्याच वर्षी कलकत्त्याला कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं. त्यामुळे पहिली कोण यावर वाद घालणारे घालोत. आपल्या घरापासून इतक्या लांब जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री आनंदीच.

पदवी मिळाल्यावर ती बोस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलमध्ये अनुभव घ्यायला गेली. आजच्या भाषेत इंटर्नशिप. पण शरीराने साथ दिली नाही. खोकला आणि ताप हटेना, परत फिलाडेल्फियाला यावं लागलं. निदान झालं, क्षय. टी.बी.

इथे थोडी तारखांची गंमत बघा, गंमत कसली, दैवदुर्विलास म्हणायला हवा. टी.बी.चा जंतू रॉबर्ट कॉखने जगाला दाखवला तो मार्च १८८२ मध्ये, आनंदी अमेरिकेला निघण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. म्हणजे रोग कशाने होतो हे तिच्या डॉक्टरांना कळलं होतं. पण त्याला मारणारं पहिलं चांगलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. छातीचा एक्स-रेसुद्धा नव्हता, तो शोध १८९५ चा. विश्रांती, मोकळी हवा आणि चांगलं खाणं, एवढंच डॉक्टर सांगू शकत होते. आणि नेमक्या याच तीन गोष्टी विद्यार्थी असताना तिला मिळाल्या नव्हत्या.

नोकरी मात्र तयार होती. कोल्हापूर संस्थानाने तिला तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमायचं ठरवलं होतं. हेच हॉस्पिटल आज कोल्हापुरात सी.पी.आर. म्हणून ओळखलं जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर कँपस प्लेसमेंट झालेलं होतं, जॉइनिंग तेवढं बाकी होतं.

९ ऑक्टोबर १८८६ ला ती न्यूयॉर्कहून निघाली आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला पोहोचली. तिथून पुण्याला. वैद्यांचे उपचार झाले, पथ्य झालं, पण उतार पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी तिचं निधन झालं, ज्या पुण्यात जन्म झाला त्याच पुण्यात. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात ती एकदाही राऊंडला गेली नाही. तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरमावशींकडे अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिच्या नावाचा दगड आजही आहे.  पुढे काशीबाई कानिटकरांनी मराठीत तिचं चरित्र लिहिलं. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालासुद्धा तिचं नाव दिलंय.

एवढं झाल्यावर आपण काय करतो? त्याग, समर्पण, दीपस्तंभ असे शब्द वापरून भाषण संपवतो. मला ते पटत नाही. आनंदी गेली यात गौरवाचं काही नाही. ते नुकसान होतं. आणि केवढं नुकसान होतं हे समजायला कोल्हापूरला जायची गरज नाही, आपल्या हडपसरमध्येच ते दिसतं.

तिच्या मृत्यूनंतर बरोबर दहा वर्षांनी, १८९७ च्या सुरुवातीला, पुण्यात प्लेगची साथ पसरली. शहरातून लोक पळू लागले. सावित्रीबाई फुले तेव्हा उतारवयात होत्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता. त्याला बोलावून घेऊन त्यांनी पुण्याबाहेर मोकळ्या माळरानावर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. आपण रोज सहासीटर आणि पी.एम.टी.च्या, आता पी.एम.पी.एम.एल.च्या, गर्दीतून ज्या हडपसरमधून ये-जा करतो तिथलीच ही गोष्ट! मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

त्यानंतर काही दिवसांतच शहरात रँडच्या प्लेग कमिटीचं काम सुरू झालं. गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. बायकांच्या तपासणीवरून लोकांत प्रचंड संताप उसळला. त्याचा शेवट २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपल्याला इतिहासात असतं.

आता हिशेब करून बघा. आनंदी जगली असती तर त्या मार्चमध्ये ती बत्तीस वर्षांची झाली असती. दहा वर्षांची प्रॅक्टिस, मराठी बोलणारी, पुण्याची मुलगी, एम.डी. डॉक्टर. ज्या घरांनी सोल्जरला दार उघडलं नाही त्या घरांतल्या बायकांनी तिला दार उघडलं असतं. एकट्या बाईने साथ थांबत नाही हे मलाही कळतं. पण आजारी बाईला हात लावून तपासेल आणि तिच्याच भाषेत समजावेल असं एकसुद्धा माणूस किती मोलाचं होतं, हे त्या वर्षी पुण्याला कळलं असणार. धूर होणारी शेकोटी आणि अर्धपोटी काढलेले दिवस यांची किंमत फक्त तिने एकटीने नाही मोजली.

म्हणजे तिची पदवी फुकट गेली का? प्लेसमेंटच्या हिशेबाने बघितलं तर हो, पॅकेज शून्य. पण ती गेल्यावर दरवाजा बंद झाला नाही. मुंबईच्या रखमाबाईंनी नवऱ्याविरुद्धचा कोर्टातला प्रसिद्ध खटला झेलून लंडन गाठलं, १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. घेतली आणि सुरत, राजकोटला कित्येक वर्षं बायकांचे दवाखाने चालवले. जे काम आनंदीला करायला मिळालं नाही ते त्यांनी आयुष्यभर केलं. आज महाराष्ट्रात एम.बी.बी.एस., डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्यांसाठी १९९८ पासून नाशिकला वेगळं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. आपल्या हडपसरलाच साने गुरुजी हॉस्पिटल आहे, आयुर्वेदाचं कॉलेज आहे. संध्याकाळी गाडीतळावर पांढरा कोट हातावर टाकून वडापाव खाणाऱ्या मुली दिसतात. त्यांच्याकडे बघायला कोणी खिडकीत उभं राहत नाही, हेच आनंदीच्या पदवीचं फळ आहे.

मित्र-मैत्रिणींनो, शेवटी थोडंसं आपल्याबद्दल. इंजिनीअरिंगच्या मासिकात डॉक्टरचं चरित्र कशाला, असं कोणाला वाटेल. पण हॉस्टेलवर राहून शिकणाऱ्या, घरापासून लांब, अभ्यासाच्या नादात पोटाकडे आणि छातीकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलीची ही गोष्ट आहे, आणि त्या वर्णनात आपल्यातले निम्मे बसतात. टी.बी. अजून आपल्या देशातून गेलेला नाही. हॉस्टेलच्या दाटीवाटीच्या खोल्यांत तो सहज पसरू शकतो. पण आनंदीच्या आणि आपल्या वेळेत एक मोठा फरक आहे. आज दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, निदान झालं तर औषधंही फुकट मिळतात आणि साधारण सहा महिन्यांचा कोर्स नीट पूर्ण केला तर माणूस बरा होतो. तेव्हा रूममेट रात्रभर खोकत असेल तर कानात हेडफोन घालून झोपू नका. सबमिशन असलं तरी त्याला उठवून दवाखान्यात न्या.

आणि रेक्टर सरांना, मॅडमना, मेसच्या काकांना एक नम्र विनंती. थंडीत गरम पाणी, पावसाळ्यात कोरड्या खोल्या आणि रोज पोटभर जेवण या छोट्या तक्रारी नाहीत. आनंदीला फिलाडेल्फियात सगळं काही मिळालं. चांगले शिक्षक मिळाले, शिष्यवृत्ती मिळाली, माया करणारी डीन मिळाली. फक्त एक ऊबदार खोली आणि दोन वेळचं नीट जेवण तेवढं मिळालं नाही.